टाळ कुठे हरवतो

ध्वनिमुद्रित संगीताच्या दर्जाविषयी मराठीत जी चर्चा होते, ती बहुधा तबकडीचा आवाज जिवंत होता आणि आताचा निर्जीव आहे अशा हळहळीने सुरू होते, किंवा नव्या उपकरणांच्या जाहिरातींतील आकडे प्रमाण मानून जुन्या खरखरीला हसण्यात संपते. ज्या आवाजाचे मुद्रण करायचे त्या आवाजाची स्वतःची मागणी काय आहे, हा प्रश्न दोन्ही बाजूंना फारसा पडत नाही. कीर्तनकाराचे निरूपण ज्या साधनावर स्वच्छ ऐकू येते, त्याच साधनावर त्याच्या मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांचा टाळ चिरडल्यासारखा वाटतो, कारण बोलण्याच्या आणि टाळाच्या गरजा वेगळ्या आहेत. जुन्या-नव्या माध्यमांची तुलना करायची तर आधी कसोटीचा दगड ठरवावा लागतो, आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत तो शोधायला दूर जावे लागत नाही. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने पंढरपूरकडे जाते, आणि त्या वाटेवर जे भजन चालते त्यात ध्वनिमुद्रणाला जड जाणारे जवळजवळ सर्व काही एकत्र आलेले असते.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारी कंपने, आणि एका सेकंदात जितकी कंपने होतात ती त्या ध्वनीची कंप्रता. ती हर्ट्झ या एककात मोजतात. तरुण आणि निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, पुढे वयाबरोबर वरची मर्यादा उतरत जाते आणि साठीनंतर बारा हजारांच्या वरचे ऐकणारे कान विरळा असतात (तबकडीच्या तलम आवाजाची आठवण काढणाऱ्या ज्येष्ठ रसिकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे). वारकरी ज्याला मृदंग म्हणतात त्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा ओला गोळा थापलेला असतो. त्यामुळे कातडे जड होते आणि थापेचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली उतरतो. टाळाचे नेमके उलट आहे. काशाच्या किंवा पितळेच्या जाड वाट्या एकमेकींवर आदळल्या की जी कंपने उठतात ती एकमेकांच्या सरळ पटीत नसतात, म्हणून टाळाला गाण्याच्या अर्थाने सूर नसतो, पण नाद असतो, आणि तो दोन-तीन हजार हर्ट्झपासून पंधरा हजारांच्याही वर पसरलेला असतो. शिवाय तो आघाताच्या क्षणी एकदम उसळतो आणि मग सावकाश विरत जातो. दिंडीत अशा डझनावारी जोड्या वाजतात, आणि कितीही सराव असला तरी सगळ्यांचा आघात एकाच क्षणी पडत नाही, केसभर पुढेमागे पडतो. उघड्या माळावर दिंडीचा जो भरीव झणत्कार ऐकू येतो तो या केसभर फरकाने बनलेला असतो. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात माणसांचे आवाज आणि विणेकऱ्याच्या वीणेचा अखंड सूर असतो. माध्यमांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन पट्ट्यांपैकी कोणत्या काळात कोणता पट्टा हाती लागला आणि कोणता सुटला याचा इतिहास होय.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची पहिली मोठी मोहीम नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान आणि इतर कलावंतांचे गाणे मेणाच्या चकत्यांवर उतरवले, तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे ठशांवरून निघाल्या आणि जहाजाने परत आल्या. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणारा एका कर्ण्याच्या तोंडाशी गात असे, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला पडदा त्या दाबाने थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात नागमोडी खाच कोरी. माणसाच्या फुप्फुसांचे बळ एवढीच या यंत्राची ऊर्जा असल्याने २५० ते २,५०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा तेवढा खाचेत उतरत असे, म्हणजे मृदंगाचा घुमारा खालून कापला जाई आणि टाळ वरून. चर्मवाद्याची जोरदार थाप पडली तर सुई उडून खाच बिघडण्याचे भय असे, म्हणून ठेका धरणाऱ्याला कर्ण्यापासून लांब बसवीत. या काळातील तबकडीवर टाळ ऐकू आलाच, तर तो पत्र्यावर खडा पडल्यासारखा येतो.

तबकडी ज्या द्रव्याची बनत असे त्याची ओळख महाराष्ट्रातील घरांना वेगळ्या कारणाने जुनीच होती. सोनार पोकळ दागिन्यात जी लाख भरतो, तीच लाख शुद्ध करून तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळीत, आणि त्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी दाबून काढीत. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातील जंगलांतून जात असे. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे, कारण पोलादी पिन खाचेच्या आकाराला घासून बसावी अशी योजना होती, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूनंतर पिन बदलण्याचा दंडक होता. तबकडीची जी सुप्रसिद्ध खरखर आहे ती झिजेची आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात कोऱ्या तबकडीतही ती असतेच, कारण त्या पुडीवरून पिन फिरते. ग्रामोफोनला पुरेशी चावी दिली नसेल तर गती उतरत जाई आणि गायकाचा षड्ज हळूहळू खाली घसरे, हा दोष मात्र यंत्राचा कमी आणि ऐकणाऱ्याच्या आळसाचा जास्त होता.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारे मुद्रण सुरू झाले, मायक्रोफोन आला, आणि काही वर्षांत भारतातील तबकड्यांचाही पट्टा १०० पासून ५,००० हर्ट्झच्या आसपास रुंदावला. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ यांचे जे आवाज आज लोकांच्या कानात आहेत ते बहुतेक या दुसऱ्या टप्प्यातले आहेत, आणि मराठी मनातील 'रेकॉर्डचा आवाज' म्हणजे हाच पाच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज होय. या पट्ट्यात मानवी कंठ जवळजवळ पुरा मावतो, ठेका ओळखू येतो, टाळाचा खालचा भागही येतो, पण त्याची चमक येत नाही. दहा इंची तबकडीत जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत, आणि दिंडीत एखादा अभंग घोळून घोळून, चाली बदलत, पावली खेळत अर्धा तास चालू शकतो. तेव्हा दर्जाची गोष्ट करताना हेही नोंदवायला हवे की तबकडीने अभंगाच्या कंपनांपेक्षा त्याचा वेळ अधिक कापला. 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांचे गाणे पडद्यावर आले तेव्हा तीन मिनिटांची ती सक्ती सुटली, मात्र फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेल्या ध्वनिपट्टीची वरची मर्यादा तबकडीहून फार पुढे नव्हती.

येथे ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात एक गोष्ट शहरी रसिकांच्या नजरेतून सुटते. बारामती-इंदापूरसारख्या भागात बहुसंख्यांनी तबकडी ऐकली ती दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनवर नव्हे, तर लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेत झाडाला बांधलेल्या लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातून. ग्रामोफोनचा कर्णा, लाऊडस्पीकरचा कर्णा आणि मिरवणुकीपुढे फुंकायचा पितळी कर्णा या तिन्हींना मराठीने एकच शब्द वापरला, आणि त्यात भाषेची चूक नाही, कारण तिन्ही साधने एकाच युक्तीने आवाज लांब फेकतात. लाऊडस्पीकरचा कर्णा तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचे आणि पाच-सहा हजारांच्या वरचे फारसे काही देत नाही, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जे नव्हते ते कर्ण्यालाही देता येत नव्हते. दोघांचा जोडा असा काही जमला होता की रात्रीच्या शांततेत मैलभरावर ऐकू येणाऱ्या त्या गाण्यात उणीव जाणवायला जागाच राहिली नाही. ध्वनिमुद्रणाचा दर्जा एकट्या माध्यमाने ठरत नाही. मायक्रोफोनपासून कानापर्यंतच्या साखळीतील सर्वांत कच्च्या कडीवर तो ठरतो, आणि येथील साखळीत ती कडी बहुधा शेवटची असे.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी विनाइल या प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली. ही दीर्घवादन तबकडी, म्हणजे एलपी, भारतात पुढच्या दशकात रुळू लागली, तरी ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही येथे १९७० च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. विनाइलमध्ये दगडाची पूड नसल्याने खरखर एकदम बसली, शंभराहून अधिक ग्रॅम दाबाची पोलादी पिन जाऊन दोन-तीन ग्रॅम दाबाचा हिरा आला, आणि वरची मर्यादा पंधरा हजार हर्ट्झच्या पलीकडे गेली. त्याच सुमारास स्टुडिओत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणारी चुंबकीय फीत आली होती. श्रीनिवास खळे यांच्या संगीतातील लता मंगेशकर यांचे 'अभंग तुकयाचे' आणि भीमसेन जोशी यांची 'अभंगवाणी' हे या युगाचे धन आहे, आणि मराठी ध्वनिमुद्रणात टाळ हे वाद्य म्हणून, त्याच्या विरत जाणाऱ्या शेपटासह, पहिल्यांदा नीट ऐकू आले ते याच काळात. एलपीचाही एक अंगभूत दोष आहे, आणि तो टाळालाच नडतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ ती गती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच कंपनांना तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते, वळणे दाटतात, पिनेला ती धड वाचता येत नाहीत आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यात टाळ करकरू लागतो. जाणते लोक म्हणूनच एलपी विकत घेताना प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे लावून पाहत.

या दोन तालुक्यांतील सर्वसामान्य घरात संगीत विकत घेण्याची वस्तू म्हणून शिरले ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ती काढली तेव्हा बोलणे टिपून ठेवण्याची सोय एवढाच तिचा हेतू होता. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, तिच्यावर दोन्ही बाजू मिळून चार पट्टे, आणि सेकंदाला अवघे ४.७६ सेंटिमीटर अंतर. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा, साध्या भाषेत गंजाच्या जातीच्या भुकटीचा, लेप असतो आणि आवाजाच्या चढउतारानुसार तिचे कण चुंबकित होतात. दहा हजार हर्ट्झच्या एका कंपनाला या गतीत मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकीच जागा मिळते, म्हणून आवाज जरा चढा भरला की उंच कंपने शेजारच्या कंपनांना पुसून टाकतात: खालचा सूर टिकतो, टाळ बोथट होतो. त्यात कणांच्या अनियमितपणामुळे येणारी सळसळ, आणि ती नेमकी टाळाच्याच पट्ट्यात.

असे असूनही १९८० च्या दशकात कॅसेटने तबकडीला हां हां म्हणता बाजूला सारले, कारण ती स्वस्त होती, जीपमध्ये आणि मळ्यातल्या खोलीत वाजत होती, आणि मुख्य म्हणजे ती भरता येत होती. 'गाणी भरून घेणे' हा मराठी शब्दप्रयोग या काळाचा आहे. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर लिहिलेली गाण्यांची यादी दुकानदाराकडे द्यायची, दोन कॅसेटच्या डेकवर त्याने एकेक गाणे उतरवायचे, आणि आठवड्याने भरलेली कॅसेट न्यायची, असा हा व्यवहार तालुक्याच्या प्रत्येक गावी चाले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, लावण्या, भीमगीते, वगनाट्यांचे संच असा सगळा माल या वाटेने वाडी-वस्तीवर पोचला. ज्या गायकांना मोठ्या कंपनीने दारात उभे केले नसते त्यांनाही कॅसेटने श्रोता दिला. मात्र भरलेल्या कॅसेटवरून पुन्हा भरलेली, आणि तिच्यावरून आणखी एक, असा वंश वाढत गेला की प्रत्येक पिढीत सळसळ साठत जाई आणि वरची कंपने गळत जात. त्यात दोन डेकच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, तिरपेपणा तंतोतंत सारखा नसतो. एका डेकवर भरलेली फीत दुसऱ्यावर लावली की त्या केसभर कोनानेच टाळ दिसेनासा होतो. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसणे आणि गुंतलेली फीत पेनने फिरवून सोडवणे हे घरोघरचे इलाज होते; स्क्रू फिरवून हेडचा कोन जुळवणारा मेकॅनिक मात्र गावात एखादाच असे, आणि त्याच्याकडून आलेला टेप 'खुलून' वाजतो असे लोक म्हणत. तो शब्द शास्त्रशुद्ध आहे. बंद झालेली वरची खिडकी खरोखरच उघडलेली असे.

फितीच्या सळसळीवर ज्यांनी तोड काढली त्या रे डॉल्बी यांचे नाव या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे, पण ज्या अर्थाने ठाऊक आहे तो पाहता मूळ माणसाला भोवळ आली असती. हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तंत्रसल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. मुद्रण करताना हळू असलेली उंच कंपने मुद्दाम वाढवून घ्यायची आणि ऐकवताना तेवढीच उतरवायची, म्हणजे त्यांच्याबरोबर सळसळही उतरते, अशी ही युक्ती आहे. कॅसेटसाठीच्या सोप्या आवृत्तीत सळसळ दहाएक डेसिबलने बसते (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक असून दहा डेसिबलने उतरलेला आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो). पुढे या नावाचा शिक्का चित्रपटगृहांवर आला, चित्रपटगृहातला दणका लोकांच्या लक्षात राहिला, आणि पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणू लागले. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटालाच मिळावे आणि 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशी घोषणा द्यावी लागावी, असा अन्याय फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला आला असेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मिरवणूक जवळ आली की या मर्यादेचे काय होते ते खिडक्यांची तावदाने सांगतात. दर्जाच्या दृष्टीने पाहिले तर या भिंतीत बास, म्हणजे शंभर हर्ट्झच्या खालचा ठोका, इतका चढवलेला असतो की मृदंगाची थाप छातीवर बसते आणि टाळ त्या थापेखाली गडप होतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरात याच्या उलट घडते: चारशे हर्ट्झच्या खालचे तो देऊ शकत नाही, म्हणून टाळ शिल्लक राहतो आणि मृदंगाची नुसती टिचकी उरते.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्दोष असूनही या भागात तिच्या खऱ्या रूपात फारशी वाजलीच नाही. तिच्यात ध्वनीची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून प्रत्येक मोजणी १६ बिटांच्या, म्हणजे १६ शून्य-एकांच्या, आकड्यात लिहितात. या मोजण्यांना नमुने म्हणतात. नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो आणि पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज ऐकू येतो, हा समज चुकीचा आहे: नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतची, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खालची, सर्व कंपने त्यांतून पुन्हा जशीच्या तशी उभी करता येतात. सीडीवरचा टाळ एलपीपेक्षा खराब वाटला असेल तर दोष सीडीचा नसून ती बनवताना आवाज सरसकट चढा ठेवण्याच्या हव्यासाचा असतो. हळू आणि मोठा यांतले अंतरच मिटवले की आघात आणि विरणे यांतला फरकही मिटतो. बारामती-इंदापूरच्या बाजारात चकती चालली ती लावण्या-भजनांच्या व्हीसीडीच्या आणि एका चकतीत दीडशे गाणी मावणाऱ्या एमपी३ सीडीच्या रूपात, आणि तिथून पुढचा प्रश्न वेगळाच आहे.

एमपी३ ही जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांच्या पुढाकाराने घडलेली पद्धत. फाइलच्या नावापुढचे ते तीन अक्षरांचे शेपूट १९९५ मध्ये ठरले. सीडीवर एका सेकंदाच्या संगीताला सुमारे १४ लाख ११ हजार बिट लागतात, तर नेहमीच्या एमपी३ ला १ लाख २८ हजार, म्हणजे अकरावा हिस्सा. बाकीचे दहा हिस्से कुठे जातात हे समजायला नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण पुरे आहे. कालव्यात पाणी ठरलेले, मागणी त्याहून जास्त, तेव्हा आवर्तनात कुणाला किती द्यायचे याचा हिशेब मांडावा लागतो. एमपी३ चे गणित दर २६ सहस्रांश सेकंदाला असेच आवर्तन ठरवते: ध्वनीचे शेकडो अरुंद पट्टे पाडते, कोणत्या पट्ट्यातील जोरदार सुरामुळे शेजारच्या पट्ट्यातील मंद सूर कानाला ऐकूच येणार नाही याचा अंदाज घेते, आणि अशा झाकोळलेल्या सुरांचे बिट काढून जोरदार सुरांना देते. एकट्या गायकाच्या गाण्यात हा हिशेब बहुधा बरोबर येतो आणि चांगल्या कानालाही फरक सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. दिंडीच्या भजनात मात्र सगळे पट्टे एकाच वेळी पाणी मागतात. पन्नास टाळांचा नाद वरच्या प्रत्येक पट्ट्यात भरलेला असतो, त्यात कुणीच झाकोळलेले नसते, आणि बिट पुरत नाहीत. मग कालव्यावर जे होते तेच होते, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोचत नाही. सोळा हजारांच्या वरचे सहसा कापूनच टाकतात, त्याच्या खालच्या पट्ट्यांत एका क्षणी बिट येतात आणि पुढच्या क्षणी आटतात, त्यामुळे टाळाचा अखंड झणत्कार पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. आघाताचे तर याहून वाईट होते, कारण २६ सहस्रांश सेकंदाच्या त्या तुकड्यात झालेली तूट तुकडाभर पसरते आणि टाळ आदळण्याच्या आधीच त्याची अस्पष्ट सावली ऐकू येते. निसर्गात कोणताही प्रतिध्वनी मूळ ध्वनीच्या आधी येत नाही, म्हणून कानाला काहीतरी बिनसल्याचे कळते, पण काय ते सांगता येत नाही.

जुन्या आणि नव्या माध्यमांतला खरा भेद येथे आहे. तबकडी आणि कॅसेट मूळ आवाजात स्वतःचे काहीतरी मिसळीत, खरखर, सळसळ, डगमग, आणि ते मिसळलेले असल्याचे कुणालाही कळत असे; कान काही दिवसांत ते वेगळे काढायला शिकतो, जसे पिठाच्या गिरणीशेजारी राहणारा गिरणी ऐकत नाही. एमपी३ आणि तिच्या पुढच्या पद्धती काही मिसळत नाहीत, त्या वजा करतात, आणि वजा केलेले कळू नये यावरच त्यांचे सारे कौशल्य खर्च झालेले असते. जे नाहीच ते ऐकायला कानाला शिकवता येत नाही. नव्या पद्धती सरसकट निकृष्ट आहेत असा याचा अर्थ नव्हे, बिटांचा दर दुपटीने वाढवला तर टाळही बराचसा सावरतो. पण जे वजा झाले ते वजा झाल्याची खूण मागे राहत नाही, आणि पुढची नक्कल त्या वजा झालेल्यालाच मूळ धरून चालते.

मेमरी कार्ड आले तेव्हा मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. क्रियापद कॅसेटचेच राहिले. या भरण्यात कॅसेटसारखी पिढीगणिक झीज नव्हती, फाइलची नक्कल हुबेहूब असते, मात्र फाइलमध्ये आधी काय भरले होते ते पाहायला कुणाला सवड नव्हती: कुठल्याशा घासलेल्या कॅसेटवरून संगणकात घेतलेले, जागा वाचावी म्हणून ६४ हजार बिटांवर आणलेले, तिथून व्हिडिओ-संकेतस्थळावर चढवताना पुन्हा आकसलेले, आणि ब्लूटूथच्या स्पीकरकडे हवेतून जाताना आणखी एकदा आकसलेले. प्रत्येक टप्प्यावर वेगळे गणित टाळाचा वेगळा हिस्सा वजा करते.

जुन्या तबकड्यांची जपणूक करणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांच्या श्रमावर उभी आहे, आणि अशा संग्रहांमुळेच पहिल्या पिढीचे आवाज आज ऐकायला मिळतात. तबकडीचे अंकीकरण करताना खरखर काढणारी संगणकीय साधने मोह घालतात. पण विरत जाणाऱ्या टाळाचा नाद आणि खरखर या दोन्ही गोष्टी संगणकाला सारख्याच दिसतात, दोन्ही पसरट, बिनसुरी आणि वरच्या पट्ट्यातल्या, म्हणून झाडू जोरात फिरवला की कचऱ्याबरोबर टाळाचे शेपूटही जाते. मूळ खरखरीसकट एक प्रत राखून ठेवावी आणि साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी, ही संग्राहकांची शिस्त त्यासाठीच आहे. गोंगाट कशाला म्हणायचे हा प्रश्न जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत आणखी टोकाला जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले, आणि २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या अभिलेखागारातून त्या प्रसिद्ध होत आहेत. जात्याची घरघर ही यंत्राच्या नजरेने निव्वळ खालच्या पट्ट्यातील गोंगाट आहे, आणि ओवीच्या नजरेने ती तिची लय आहे. ती पुसून ओवी 'स्वच्छ' केली तर बाई कोणत्या कामाच्या ओढीने श्वास घेते आहे ते कळायचा मार्ग उरत नाही.

गळीत हंगामात या दोन तालुक्यांतील रस्त्यांवरून माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि ट्रॅक्टरवर जे वाजते त्याला अजूनही 'टेप' म्हणतात, जरी त्यात फीत शिरायला भोकच नसते आणि पेनड्राइव्ह खोचलेला असतो. मागून येणाऱ्याचा भोंगा चालकाला ऐकू येत नाही म्हणून हा टेप बंद ठेवण्याची विनंती दर हंगामात करावी लागते. इंजिनाच्या घरघरीवर मात करायची म्हणून आवाज चढवलेला असतो, आणि तशा आवाजात 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागले तरी ऐकू येतो तो प्रल्हाद शिंदे यांचा कंठ आणि ठेका, कारण टाळाचा पट्टा इंजिनाने आणि वाऱ्याने झाकोळलेला असतो; एमपी३ चे गणित जो हिशेब मांडते तोच इथे डिझेलने आधीच मांडलेला असतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र काढावी लागते. चालक इंजिन बंद करतो, टेपचा आवाज उतरवतो आणि ट्रॉलीच्या चाकाला पाठ टेकून बसतो. तेच गाणे चालू असते, पण आता त्याच्या मागे पूर्वीच्या कुठल्या तरी कॅसेटची सळसळ स्पष्ट ऐकू येते, आणि तिच्यात मिसळून टाळ, बुडबुडणारा, आघाताच्या आधीच किंचित सुरू होणारा.